लहान मुलांना घेऊन दोन रात्री मुंबईत: वार, मुक्काम आणि बाकी सगळं

नाशिक, पुणे, कोल्हापूरकडच्या मंडळींना मुंबई काही परकी नाही. लग्नाला जातो, दवाखान्याला जातो, विमानतळावर कुणाला सोडायला जातो. पण दोन ते सात वर्षांचं मूल बरोबर घेऊन निव्वळ हिंडायला जायचं म्हटलं की बेत फसायला लागतो, कारण मनात मोठ्यांची यादी असते. गेटवे, सिद्धिविनायक, जुहू, राणीची बाग, हाजी अली, शिवाय "आलोच आहोत तर" बोरिवलीच्या मावशी. आम्ही नाशिकहून मुलांना घेऊन अधूनमधून जातो. ओळखीतलं कुणीतरी नेहमी विचारतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. उदाहरणं नाशिककरांच्या सोयीची आहेत, पण पुणेकरांना फक्त गाडीचं नाव बदलावं लागेल.

१. सगळ्यात आधी वार ठरवा

बहुतेक जण आधी सुट्टी बघतात आणि मग ठिकाणं. इथे उलटं करा. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. वरळीचं नेहरू तारांगण आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीची बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. तेव्हा जोडून सुट्ट्या आल्या की हे आधी तपासा.

रविवारी वेगळीच अडचण. लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत. कुठल्या मार्गावर, हे शुक्रवारी-शनिवारी जाहीर होतं. त्यातच रविवारी राणीच्या बागेत इतकी गर्दी असते की पेंग्विनपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात.

माझ्या मते शुक्रवार, शनिवार, रविवार हे सगळ्यात सोयीचं. शुक्रवारी एक रजा टाका. शुक्रवारी पोहोचायचं, शनिवारी सकाळी मोठं ठिकाण, रविवारी सकाळी फोर्टातल्या रिकाम्या रस्त्यांवर हिंडायचं आणि संध्याकाळी परत.

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. मे आणि ऑक्टोबरमध्ये घामाने मुलं किरकिरी होतात. जून ते सप्टेंबर मी तरी लहानांना नेत नाही. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की हिंदमाता, सायन, कुर्ला इथे पाणी तुंबतं आणि गाड्या अडकतात. थंडीतही दोन तारखा टाळा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनानिमित्त दादर परिसरात लाखो लोक येतात. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, तेव्हा दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळभर बंद असतात.

२. मुक्काम फोर्ट किंवा चर्चगेटलाच

हा मुद्दा पटला तर बाकीचा निम्मा लेख नाही वाचला तरी चालेल.

मुंबईची गर्दी घड्याळावर चालते. सकाळी आठ ते अकरा ती उपनगरांतून दक्षिणेकडे येते, संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे परतते. पाहुणे सहसा ठाण्याला, अंधेरीला किंवा बोरिवलीला नातेवाइकांकडे उतरतात. मग सकाळी मुलांना घेऊन त्याच गर्दीबरोबर शहरात यायचं आणि संध्याकाळी त्याच गर्दीबरोबर परत जायचं. पोरगं कडेवर, पिशवी खांद्यावर आणि दार कुठल्या बाजूला येणार ते माहीत नाही! मुंबईकरसुद्धा हे हौसेने करत नाहीत.

फोर्टात किंवा चर्चगेटजवळ राहिलं की सगळं उलटं होतं. सकाळी नऊला सीएसएमटीहून भायखळ्याकडे निघणाऱ्या धीम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते, कारण ती नुकतीच माणसं रिकामी करून परत चाललेली असते. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, तिसरंच स्टेशन. येतानाही तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने येता. शिवाय परतीची गाडी सीएसएमटीहूनच सुटते, म्हणजे ऐन संध्याकाळच्या गर्दीत शहर पार करून स्टेशन गाठायची धावपळ नाही.

फोर्टातली हॉटेलं दादर-परळपेक्षा महाग पडतात, हे खरं. पैसे वाचवायचे असतील तर एक रात्र कमी करा, पण मुक्काम लांब नेऊ नका. नातेवाइकांना वाईट वाटेल, तर त्यांनाच रविवारी नाश्त्याला बोलवा. तेही बिचारे एरवी फोर्टात येत नाहीत.

आरक्षण करण्याआधी हॉटेलला फोन करून हे विचाराच:

- लिफ्ट आहे का आणि ती तळमजल्यापासून आहे का? जुन्या इमारतींत आधी अर्धा जिना चढावा लागतो.
- खोलीला खिडकी आहे का? सीएसएमटीच्या आसपासच्या लहान हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या असतात आणि फोटोत ते कळत नाही.
- मुलासाठी वेगळी गादी मिळेल का, तिचे पैसे किती?
- गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळेत?
- सकाळी अकराला पोहोचलो तर खोली मिळेल का? नसेल तर सामान ठेवून घेतील का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खोली बाराला किंवा दोनला मिळते आणि मुलांची दुपारची झोप नेमकी तेव्हाच असते.

३. गाडीचं आरक्षण

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. रविवार संध्याकाळच्या परतीच्या जागा सगळ्यात आधी संपतात, म्हणून आधी परतीचं तिकीट काढा आणि मग जाण्याचं. नाशिककरांना पंचवटी आणि पुणेकरांना डेक्कन क्वीन सोयीची. दोन्ही सकाळी निघतात आणि साडेदहा-अकराच्या आत-बाहेर सीएसएमटीला पोहोचवतात.

पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. पाच पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःची जागा हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं. चार वर्षांचं धष्टपुष्ट मूल साडेतीन तास मांडीवर बसवणं सोपं नाही. खिसा परवानगी देत असेल तर त्याच्यासाठीही जागा घ्या, मागाहून हायसं वाटतं.

मोटारीने जाऊ नका असं मी सांगेन. घाटातली आणि ठाण्याची कोंडी मुलांच्या वेळापत्रकाकडे बघत नाही, आणि फोर्टात गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे आणखी एक सहल.

४. दिवसाला एकच मोठी गोष्ट

सकाळी एक ठिकाण. साडेबारा-एकला खोलीवर परत, जेवण, झोप. पाचनंतर मोकळं हिंडणं, ज्याला तिकीट नाही, रांग नाही आणि जे अर्धवट सोडून यावं लागलं तरी हळहळ वाटत नाही. एवढाच नियम. आमचं तीन दिवसांचं साधं वेळापत्रक असं असतं:

*शुक्रवार.* सामान हॉटेलात, जेवण, झोप. संध्याकाळी दुमजली बस, मरीन ड्राइव्ह, आइस्क्रीम. साडेआठला अंथरुणात.

*शनिवार.* सकाळी साडेनऊला राणीच्या बागेच्या फाटकावर. एकच्या सुमारास परत. संध्याकाळी टॅक्सीने गिरगाव चौपाटी.

*रविवार.* लवकर उठून फोर्टात पायी, मग संग्रहालय. दुपारी विश्रांती, संध्याकाळी गाडी.

यात आणखी काही घुसवायचा मोह आवरा. मुलं दमली की रडत नाहीत, आधी हट्ट करायला लागतात. तिसऱ्यांदा "हेच हवं" सुरू झालं की दिवस संपला असं समजा, घड्याळात काहीही वाजलेले असोत.

५. काय बघायचं, काय सोडून द्यायचं

*राणीची बाग.* भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून चालत दहाएक मिनिटं. दार उघडताच आत शिरा आणि थेट पेंग्विनकडे जा. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन २०१७ पासून लोकांना बघायला खुले आहेत. कक्ष थंडगार असतो आणि उशिरा गेलात तर बाहेर रांग लागते. वाघ, अस्वलं नंतर निवांत बघता येतात, बरेच पिंजरे आता काचेचे आहेत, त्यामुळे कडेवर घ्यावं लागत नाही. ही बाग एकोणिसाव्या शतकातली. झाडं जुनी, सावली दाट, बाबागाडी चालेल असे रस्ते. प्लास्टिकच्या पिशव्या फाटकावर काढून घेतात, खाऊ डब्यात न्या. आईवडील आणि दोन मुलं असं कुटुंबाचं एकत्र तिकीट मिळतं, खिडकीवर तेच मागा.

*दुमजली बस.* जुन्या लाल डिझेलच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता विजेवरच्या, वातानुकूलित आहेत. सीएसएमटीहून ११५ क्रमांकाची बस नरिमन पॉइंटकडे एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जाते. वरच्या मजल्यावर पहिलं बाक मिळालं नाही तर पुढच्या बसची वाट बघा. पोरांच्या दृष्टीने अख्ख्या मुंबईत याहून स्वस्त आणि मोठी चैन नाही. एनसीपीएला उतरलं की समोर समुद्र आणि बसायला लांबलचक कठडा. कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर मात्र उतरू देऊ नका. ते निसरडे असतात.

*सीएसएमटीची इमारत, बाहेरून.* २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण मुलांना त्याचं काय! त्यांना सांगा, भिंतीवरचे प्राणी शोधा. फाटकाच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ आहे. पुढे मोर, माकडं सापडतात. रविवारी सकाळी रस्ता ओलांडणंही सोपं असतं.

*छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.* सगळं बघायला जाऊ नका. पेंढा भरलेल्या प्राण्या-पक्ष्यांचं दालन आणि आवारातली हिरवळ, दीड तासात बाहेर. आवारात मुलांचं वेगळं संग्रहालयही २०१९ पासून आहे. थोड्या मोठ्या मुलांना ते आवडतं.

*नेहरू विज्ञान केंद्र, वरळी.* मूल सहा-सात वर्षांचं असेल तर राणीच्या बागेऐवजी हे घ्या. दिवाळी आणि होळी सोडून रोज उघडं असतं. बाहेरच्या आवारात वाफेचं इंजिन आहे, आत बटणं दाबून करून बघायचे प्रयोग. भुयारी 'मेट्रो-३' ही ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते आणि तिच्यावर सायन्स सेंटर नावाचं स्टेशनच आहे.

*मलबार हिलची झाडांमधली वाट.* मार्च २०२५ मध्ये सुरू झालेली उंचावरची लाकडी पायवाट. वेळ ठरवून आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. चौपाटीला जाणारच असाल तर त्याआधी अर्धा-पाऊण तास इथे चांगला जातो, आणि जवळच कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट आहे.

सोडून द्यायच्या गोष्टी: घारापुरी. बोट एका बाजूला तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या, त्यात खाऊ हिसकावणारी माकडं. मूल आठ-नऊचं होऊ द्या. बोटीचीच हौस असेल तर गेटवेहून बंदरात छोटी फेरी मारून आणणाऱ्या बोटी आहेत, पण मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट नसेल तर चढू नका, मुलाने कितीही भोकाड पसरलं तरी. तारापोरवाला मत्स्यालय जुन्या याद्यांत अजून असतं, पण ते नव्या बांधकामासाठी बंद आहे. तारांगण छान आहे, मात्र अंधार आणि मोठ्या आवाजाला तीन-चार वर्षांची मुलं घाबरतात. आणि समुद्रात पोहणं-डुंबणं नाहीच. चौपाटीवर वाळूत खेळणं पुरे.

६. शहरात हिंडणं

बाहेरगावच्यांना हे माहीत नसतं: वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही. काळी-पिवळी टॅक्सी किंवा मोबाइलवरून बोलावलेली गाडी. काळी-पिवळी मीटरने येते, बसण्याआधी "मीटर से" म्हणून घ्या. नकार दिला तर वाद घालू नका, मागे दुसरी उभी असते. मुलाला मागच्या सीटवरच बसवा आणि रस्त्याच्या बाजूचं दार उघडू नका. टॅक्सीत लहान मुलाची वेगळी सीट कुठेच नसते.

लोकल एकदा तरी दाखवायची असते, तर ती सुरुवातीच्या स्टेशनावरून धरा, सीएसएमटी किंवा चर्चगेट. गाडी उभी असते, दमाने चढता येतं. आईबरोबर बारा वर्षांखालचे मुलगे महिलांच्या डब्यात चालतात, पण कुटुंबाने दोन डब्यांत विभागणं मला पटत नाही. चढताना एक मोठा आधी, मग मुलं, मग दुसरा मोठा. उतरतानाही हाच क्रम. मधल्या स्टेशनांवर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, त्यामुळे आदल्या स्टेशनलाच उठून दाराशी या आणि बाबागाडी आधीच मिटवून घ्या. दाराशी मात्र मुलाचा हात नाही, दंड धरायचा. घामेजलेला हात निसटतो.

बाबागाडी न्यायची तर एका हाताने मिटणारी, हलकी. भुयारी मेट्रोत लिफ्ट आहेत, लोकलच्या पुलांवर सगळीकडे नाहीत, आणि फोर्टाचे फुटपाथ फेरीवाल्यांनी भरलेले. दोन वर्षांखालच्या बाळाला पुढे बांधायची झोळी जास्त उपयोगी.

७. खाणं आणि शी-शू

नाश्ता हॉटेलात मिळत असेल तर तिथेच उरका. बाहेर इडली, साधा डोसा, दहीभात हे फोर्टातल्या कुठल्याही उडुपी हॉटेलात मिळतं. "तिखट नको" एवढं पुरत नाही. सांबार वेगळ्या वाटीत मागा आणि चटणी आणूच नका म्हणा. वेटरशी पहिल्या दिवशी गोड बोललं की दुसऱ्या दिवशी न सांगता मऊ इडली येते. साडेबाराच्या आत जेवायला बसा. एकला कचेऱ्या सुटतात आणि मग टेबल मिळत नाही. शनिवारी-रविवारी उलट, काही लहान हॉटेलं बंदच असतात. आदल्या रात्री विचारून ठेवा.

इराण्याकडचा बनमस्का मुलांना हमखास आवडतो. धोबी तलावच्या क्यानीत सकाळी गेलात तर बसायला मिळतं. चर्चगेटला के. रुस्तममध्ये दोन बिस्किटांच्या मधे आइस्क्रीमची जाड वडी देतात. ती वितळायच्या आत खाण्याची शर्यत असते, म्हणून मुलाचा सदरा बदलायची तयारी ठेवा. चौपाटीवर भेळ मोठ्यांनी खावी. लहानांना कुरमुरे वेगळे बांधून घ्या. बर्फाचा गोळा आणि उघडं सरबत नाही. हट्ट झाला तर नारळपाणी.

घरून दशम्या, मेतकूट, तूप-साखरेची पोळी आणि राजगिऱ्याच्या वड्या न्या. हॉटेलातून नुसता भात मागवला की मेतकूट-तुपाने रात्रीचं जेवण होतं. बाहेरचं खाऊन कंटाळलेलं मूल ते मुकाट्याने खातं.

शी-शूचा नियम एकच: लागली म्हणेपर्यंत थांबायचं नाही. खोलीतून निघताना, ठिकाणी पोहोचल्यावर, तिथून निघताना, तिन्ही वेळा नेऊन आणायचं. मोठ्या संग्रहालयांत आणि राणीच्या बागेत सोय आहे. मरीन ड्राइव्हवर आणि चौपाटीवर पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं आहेत, पण शोधावी लागतात. पोहोचल्या पोहोचल्या कुठे आहे ते बघून ठेवा. सुटे पैसे, टिश्यू आणि साबणाच्या कागदी वड्या खिशात.

८. मूल चुकलं तर

निघायच्या दिवशी सकाळी मुलाचा त्याच कपड्यांत फोटो काढा. मनगटावर पेनाने दोन मोबाइल नंबर लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. नाव लिहू नका, नंबर पुरे. चार वर्षांवरच्या मुलाला सांगून ठेवा: आई-बाबा दिसले नाहीत तर आहेस तिथेच उभं राहायचं, शोधायला जायचं नाही. खाकी कपड्यातले पोलीस किंवा मूल बरोबर असलेली बाई, यांनाच नंबर दाखवायचा.

लोकलमध्ये ताटातूट झाली तर काय, हेही आपसांत आधी ठरवा. आमचं असं आहे: जो फलाटावर राहिला त्याने तिथेच थांबायचं, जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनला उतरून फोन करायचा आणि परत यायचं. दोघांनी एकाच वेळी हालचाल केली तर घोळ होतो. पोलिसांसाठी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८, रेल्वेसाठी १३९. हे नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

९. कागदपत्रं आणि पिशवी

कागद थोडेच लागतात, पण मूळ प्रत हवी:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र. हॉटेलात पत्त्याचा पुरावा मागतात, तिथे पॅन कार्ड चालत नाही.
- मुलाचं आधार किंवा जन्मदाखला. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार असतं. तिकिटाच्या वयावरून वाद झाला तर हेच कामी येतं.
- गाडीचं आणि हॉटेलचं आरक्षण, मोबाइलवर आणि एक छापील प्रत.
- मुलाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, नेहमीचं औषध असेल तर.

औषधांत ताप-उलटीची रोजची औषधं, ओआरएसची पाकिटं, तापमापक, डासांचं मलम. पाठीवरच्या पिशवीत एक पूर्ण कपड्याचा जोड, पाण्याची बाटली, टोपी, एक पंचा आणि एक रिकामी पिशवी ओल्या कपड्यांसाठी. डायपर सगळीकडे मिळतात, दोन दिवसांचे ओझ्याने नेऊ नका. खेळणं एकच, तेही आवाज न करणारं.

१०. परतीचा दिवस

रविवारी दुपारी खोली सोडावी लागते आणि गाडी संध्याकाळी. मधले चार-पाच तास हीच खरी अडचण. सकाळीच हॉटेलला विचारा की अर्ध्या दिवसाचं भाडं देऊन खोली चारपर्यंत ठेवता येईल का. बरीच हॉटेलं तयार होतात आणि हे पैसे वसूल होतात. नाही म्हणाले तर सामान त्यांच्याकडे ठेवा किंवा सीएसएमटीच्या सामानघरात. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि कुलूप नसलेली पिशवी घेत नाहीत, म्हणून लहानसं कुलूप घरूनच आणा.

गाडी दादरला पकडू नका. तिथे ती दोन मिनिटं थांबते आणि चढणाऱ्यांची झुंबड असते. सीएसएमटीला ती आधीच लागते. वीस-पंचवीस मिनिटं आधी पोहोचलात तर मुलांना इंजिन दाखवून, शू करवून, जागेवर बसवून मग पाण्याची बाटली घ्यायलाही वेळ उरतो. जेवण फोर्टातूनच बांधून घ्या, इडली किंवा पोळीभाजी. गाडीत वडे-कटलेट येतात, पण मुलांच्या पोटाला ते नकोत.

कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिन जोडतात, पुण्याच्या गाडीला ते कर्जतला. जागी असली तर मुलांना सांगा, धक्का बसतो तो कळतो. नाशिकला उतरणाऱ्यांनी इगतपुरी सुटली की चपला-बूट शोधायला लागावं, कारण त्यातला एक नेहमी पुढच्या बाकाखाली गेलेला असतो आणि नाशिक रोडला गाडी फार वेळ थांबत नाही.